रोमहून स्कान्नोला एका दिवसात: आधी परतीची बस बघा

रोममध्ये नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात कोलोसिअम आणि व्हॅटिकन उरकतो आणि मग एका शुक्रवारी विचारतो, "लेक कोमो एका दिवसात होईल का हो?" होईल, पण ती सहल म्हणजे रेल्वेप्रवास होईल. मिलानपर्यंत वेगवान गाडीने तीन तास, पुढे कोमोला आणखी जवळपास तासभर, आणि संध्याकाळी तेवढंच उलट. तळ्यापाशी दोन तास मिळाले तरी नशीब.

डोंगर आणि तळं एकत्र बघायचं असेल तर उत्तरेला कशाला जायचं? रोमच्या पूर्वेला साधारण दीडशे किलोमीटरवर आब्रुत्सो प्रांतात स्कान्नो नावाचं गाव आहे. गाव सुमारे १०५० मीटर उंचीवर, आणि त्याच्या थोडं खाली, ९२२ मीटरवर, त्याच नावाचं तळं. तिथे पोचायचा रस्ता एका अरुंद घळीतून जातो. ताम्हिणी घाट ज्यांना आवडतो त्यांना हा रस्ता नक्की आवडेल, आणि ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी आलेपाक सोबत ठेवावा.

मी चार वेळा गेले आहे. पहिल्यांदा आई-बाबा सांगलीहून आले होते तेव्हा. त्या दिवशी तळ्यापाशी आमची जी गत झाली ती तुमची होऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

१. आधी ठरवा: गाडी की बस

दोन्हीने जाता येतं, पण दोन्हींचा दिवस वेगळा असतो.

स्वतः गाडी चालवणार असाल तर रोमपासून दोन ते सव्वादोन तास. वाटेत हवं तिथे थांबता येतं, आणि या रस्त्यावर थांबण्यासारखं खूप आहे. चौघं असाल तर खर्चही बसच्या आसपासच जातो.

रेल्वे आणि बसने गेलात तर एका बाजूचेच चार तास धरा. आधी रोम तिबुर्तिना ते सुल्मोना, मग सुल्मोना ते स्कान्नो. दिवस लांब असेल तेव्हाच हे जमतं आणि पहाटे उठावं लागतं. आई-वडील सोबत असतील आणि कोणालाच गाडी चालवता येत नसेल, तर माझं स्पष्ट मत असं की सुल्मोनात एक रात्र राहा. एका दिवसातच करायचं असेल तर पुढचं नीट वाचा.

२. महिना आणि वार

मे अखेर ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे उत्तम. ऑक्टोबरमध्ये इथल्या जंगलातली 'बीच' नावाची झाडं तांबडी-पिवळी होतात, तो रंग आपल्याकडे बघायला मिळत नाही. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आगेमागे, अख्खी इटली सुटीवर असते. तळ्याकाठी गाडी लावायला जागा मिळत नाही. मात्र १४ ऑगस्टला स्कान्नोत जुन्या पद्धतीच्या लग्नाची वरात निघते, पारंपरिक पोशाखातली. तिला 'यु कातेनाच्चे' म्हणतात. ती बघायची असेल तर गर्दी सोसा.

हिवाळ्यात गाडी घेऊन जाणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात अशा रस्त्यांवर बर्फाचे टायर लावलेले असावे लागतात, नाहीतर साखळ्या गाडीत ठेवाव्या लागतात. भाड्याच्या गाडीत ते आहेत का, हे गाडी ताब्यात घेताना विचारायचं. डोंगरात पोलिसाने विचारल्यावर नाही.

वाराचं सांगायचं तर बसने जाणाऱ्यांनी रविवार टाळा. का, ते चौथ्या पायरीत येईल.

३. कागदपत्रं आणि पिशवी

सगळ्यांसाठी:
- पासपोर्ट किंवा राहण्याचा परवाना, मूळ प्रत. फोनमधला फोटो पुरत नाही.
- वीस-तीस युरो सुटे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण पार्किंगचं यंत्र ऐन वेळी नाणीच मागतं.
- स्वेटर किंवा विंडचीटर, जूनमध्येसुद्धा. रोमपेक्षा तापमान सहा-सात अंशांनी कमी असतं, आणि सूर्य डोंगराआड गेला की थंडी एकदम पडते.
- चांगल्या तळव्याचे बूट. गावातल्या दगडी पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत. माझ्या आईने कोल्हापुरी घातली होती आणि अर्धं गाव माझा दंड धरून पाहिलं.
- रिकामी बाटली. गावोगाव कारंज्यांना पिण्याचं गार पाणी असतं. 'नोन पोताबिले' अशी पाटी असेल तिथलं तेवढं पिऊ नका.
- चर्चमध्ये शिरताना खांद्यावर घ्यायला ओढणी.

गाडी चालवणाऱ्यांसाठी याखेरीज:
- भारतीय परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी. हा भारतातून निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढायचा. ऑनलाइन अर्ज होतो, मुदत एक वर्ष. इटलीत आल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.
- मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड. अनामत त्यावरच अडकवतात. डेबिट कार्ड दाखवल्यावर भाड्याचा काउंटरवाला कसा हसतो ते मी पाहिलं आहे.
- ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीपासून सांगून ठेवा. न सांगता मिळते ती गिअरची, आणि स्टिअरिंग डावीकडे.

इटलीत राहायलाच आलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्या. इथल्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एकच वर्ष भारतीय परवाना चालतो. भारताशी अदलाबदलीचा करार नाही, त्यामुळे पुढे इटालियन परीक्षा द्यावीच लागते. दोन वर्षं राहून आयडीपीवर गाडी हाकणारे मला माहीत आहेत. अपघात झाला तर विमावाला हात वर करेल, हे त्यांना सांगून उपयोग होत नाही.

४. बसने जाणाऱ्यांसाठी: वेळापत्रक वाचायला शिका

रोम तिबुर्तिनाहून पेस्काराच्या दिशेची प्रादेशिक गाडी पकडायची आणि सुल्मोनाला उतरायचं. अडीच ते तीन तास. रेल्वे नको असेल तर तिबुर्तिना स्टेशनाशेजारच्या बसस्थानकावरून सुल्मोनाला थेट बसही जाते.

प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं. फोनवरचं तिकीट असेल तर चढण्याआधी त्यातलं 'चेक-इन' दाबायचं. तिकीट काढलंय म्हणजे झालं असं समजून बसलात तर दंड बसतो, आणि 'मी नवीन आहे' हे इथल्या टीसीने हजार वेळा ऐकलेलं असतं. दुसरं, या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, विशेषतः उन्हाळ्यात. मग काही टप्प्यात रेल्वेऐवजी बस सोडतात. तिकीट काढताना गाडीच्या क्रमांकाजवळ 'बस' असं दिसलं तर वेळ वाढवून धरा. तिसरं, 'शोपेरो' म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो आणि शुक्रवारी जरा जास्तच होतो. आदल्या दिवशी बघून घ्या.

आणि एक सापळा खास आपल्यासारख्या नवख्यांसाठी. सुल्मोनाच्या थोडं अलीकडे 'आन्व्हेर्सा-व्हिल्लालागो-स्कान्नो' अशा लांबलचक नावाचं स्टेशन आहे. नावात स्कान्नो आहे म्हणून तिथे उतरू नका. ते डोंगरातलं एकाकी स्टेशन आहे आणि स्कान्नो तिथून बरंच लांब. सुल्मोनालाच उतरा.

सुल्मोनाहून स्कान्नोला प्रांताच्या परिवहन कंपनीची, म्हणजे 'तुआ'ची बस जाते. तासाभराचा रस्ता. तिकीट शक्यतो आधीच बारमध्ये किंवा 'तबाक्की'त काढून ठेवा. तबाक्की म्हणजे 'टी' अक्षराची पाटी लावलेलं तंबाखूचं दुकान. येतानाचंही तिथेच काढा, कारण दुपारी एक ते चार स्कान्नोतली दुकानं झोपलेली असतात.

आता वेळापत्रक. इथे तीन शब्द आहेत आणि सगळा खेळ त्यांचा आहे.

'फेरिआले' म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. 'स्कोलास्तिको' म्हणजे शाळा चालू असेल त्याच दिवशी. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ती बस नाही.

मला तेव्हा जेमतेम इटालियन येत होतं. 'फेरिए' म्हणजे सुटी, एवढं ऑफिसात ऐकून माहीत होतं. तेव्हा फेरिआले म्हणजे सुटीची बस, असा मी साधा हिशोब केला. दिवस रविवारचा. सकाळची रविवारची बस मिळाली, तळं पाहिलं, आईने आणलेल्या दशम्या काठावर बसून खाल्ल्या, आणि आम्ही आरामात थांब्यावर आलो. थांब्यावरच्या काचेमागे वेळापत्रकाचा उन्हाने पिवळा पडलेला कागद. वेळ उलटून अर्धा तास गेला तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवून कागदाला नाक लावलं आणि म्हणाले, "अगं, या आकड्यावर बारीक एफ आहे, खाली आहे त्याच्यावर वेगळंच काहीतरी. हा एफ कशाचा?" तोवर मला बारवाल्या बाईंनी सांगितलं होतं. त्या दिवसाची शेवटची बस आम्ही दशम्या खात असताना समोरून गेली होती. आम्ही तिला हातसुद्धा केला होता, गंमत म्हणून.

"म्हणजे आता इथेच मुक्काम का?" बाबा म्हणाले. ते खूश दिसत होते. आई नव्हती.

बारवाल्या बाईंनी ओळखीतल्या एकाला फोन लावला. तो सत्तर युरोत सुल्मोनाला सोडायला तयार झाला आणि आम्हाला शेवटची गाडी मिळाली. तेव्हापासून मी दिवस उलटा आखते: रोमला पोचणारी शेवटची गाडी कुठली, तिच्याआधीची कुठली, त्या आधीच्या गाडीला जोडणारी स्कान्नोची बस कुठली. शेवटच्या गाडीवर कधीच दिवस बांधायचा नाही, तिच्या आधीचीवर बांधायचा. हे सगळं कागदावर लिहून झाल्यावरच सकाळची गाडी शोधायची.

५. गाडीने जाणाऱ्यांसाठी: हा रस्ताच अर्धी सहल आहे

रोमहून ए २४ महामार्ग आणि पुढे पेस्काराच्या दिशेने ए २५. टोलनाक्यावर शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना भरायचं. पिवळ्या 'टेलेपास'च्या रांगेत शिरू नका, ती आपल्या फास्टॅगसारखी. यंत्र गाडीत नसेल तर अडकाल.

आवेत्सानोच्या आसपास महामार्गालगत एक सपाट, आखीवरेखीव शेतांचं मैदान लागतं. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे बटाटे, गाजरं. हे फुचिनो. दीडशे वर्षांपूर्वी इथे इटलीतलं तिसऱ्या क्रमांकाचं तळं होतं. रोमन सम्राट क्लॉडियसने बोगदा खणून ते आटवायचा प्रयत्न केला होता. शेवटी एकोणिसाव्या शतकात तोर्लोनिया या रोमच्या सरदाराने ते पुरतं कोरडं केलं. तळं बघायला निघालेल्या माणसाला वाटेत आधी न उरलेलं तळं दिसतं, हे मला दर वेळी जरा विचित्रच वाटतं.

महामार्ग 'कोकुल्लो'ला सोडायचा. हे गाव १ मेच्या सापांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध आहे. संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत साप सोडतात आणि गावभर फिरवतात. बत्तीस शिराळ्याचं नाव ऐकलेल्या सांगलीकरांना हे ऐकून काही वाटत नाही, बाबा म्हणाले, "म्हणजे नागपंचमीच की." या संताकडे दातदुखीचंही खातं आहे. भाविक त्याच्या देवळातल्या घंटेची साखळी दातात धरून ओढतात.

कोकुल्लोहून आन्व्हेर्सा देल्यी आब्रुत्सी, आणि तिथून साजित्तारिओ नदीची घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, रस्ता खडकात कोरलेला, काही ठिकाणी इतका अरुंद की समोरून बस आली तर कोणीतरी मागे घ्यायचंच. वळणाआधी हॉर्न द्या. इथे तो उद्धटपणा नाही. आन्व्हेर्सापाशी घळीचा काही भाग राखीव निसर्गक्षेत्र आहे, खाली उतरून नदीकाठी चालता येतं. वेळ असेल तर तास द्या. नसेल तर आन्व्हेर्सातून मान वर करून कड्याच्या धारेवर चिकटलेलं कास्त्रोव्हाल्व्हा गाव तरी बघा. डच चित्रकार एशरने १९३० मध्ये त्याचं शिलामुद्रण केलं. भूमितीचे चक्रावणारे जिने काढण्याआधी तो असलेच खरे डोंगर काढत हिंडत होता, आणि हे गाव बघितल्यावर ते जिने कुठून आले असतील असा संशय येतो.

पुढे व्हिल्लालागोच्या अलीकडे संत दोमेनिकोचं छोटं तळं लागतं. हिरवंगार पाणी, वर एक कमानीचा पूल, आणि पलीकडे खडकात गुहा, जिथे हा साधू हजार वर्षांपूर्वी राहिला असं सांगतात. हे तळं मानवनिर्मित आहे, विजेसाठी बांध घालून केलेलं. पण सकाळच्या उन्हात ते मोठ्या तळ्यापेक्षा सुंदर दिसतं, असं माझं मत. वीस मिनिटं इथे थांबाच.

पार्किंगच्या रेषांचे रंग पाठ करा: निळ्या म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाहीच. जुन्या गावात शिरताना 'झेड टी एल' अशी लाल वर्तुळाची पाटी दिसली की गाडी आत घालू नका. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर महिन्यांनी येते, वर कंपनीचा आकार वेगळा.

६. तळं आणि त्याचा बदाम

स्कान्नोचं तळं आपोआप झालेलं आहे. जेन्त्साना डोंगराची कड फार पूर्वी कोसळली, दरड नदीत पडली, पाणी अडलं. दरड जिथून सुटली त्या बाजूच्या गावाचं नावच 'फ्रात्तुरा' आहे. जुनं फ्रात्तुरा १३ जानेवारी १९१५ च्या आवेत्सानोच्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. त्या भूकंपाने या भागात तीस हजारांच्या आसपास माणसं गेली.

फोटोत हे तळं बदामाच्या आकाराचं दिसतं. काठावर उभं राहून ते तसं दिसत नाही. लोक हजार किलोमीटरवरून येतात, काठावर फोटो काढतात आणि "तो हार्ट कुठे आहे?" म्हणत परत जातात. आकार दिसतो तो वरच्या एकाच टप्प्यावरून. त्यासाठी 'सेन्तिएरो देल कुओरे', म्हणजे हृदयाची पायवाट चढायची. गाव आणि तळं यांच्यामधल्या भागातून ती वर जाते, पाट्या लावलेल्या आहेत, वाटेत सांतेजिदिओचं चिमुकलं देऊळ लागतं. आरामात चढायला तासभर धरा. चढ सिंहगडापेक्षा बराच सोपा, पण सावली सगळीकडे नाही आणि वर पाणी विकणारा कोणी नाही.

उजेड महत्त्वाचा. संध्याकाळी उशिरा तळ्याचा काही भाग डोंगराच्या सावलीत जातो आणि बदाम अर्धा काळा पडतो. शक्यतो मध्यान्हीच्या अलीकडे-पलीकडे वर असा.

कुरणात मेंढ्या दिसल्या तर लांबून बघा. सोबत मोठे पांढरे केसाळ कुत्रे असतात. ते दिसायला खेळण्यातले वाटतात, पण लांडग्यांपासून कळप राखायला वाढवलेले आहेत आणि तुम्ही लांडगा नाही हे त्यांना सांगावं लागतं. थांबा, काठी उगारू नका, पळू नका, मोठा वळसा घालून जा. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

खाली उतरल्यावर काठाने चालता येतं, पायडलची होडी भाड्याने मिळते. पाणी गार असतं. इतकंच.

७. गाव: दोन तास, नकाशा न बघता

तळ्यापासून गाव साधारण तीन किलोमीटर वर. बस आधी तळ्यावरून जाते, मग गावात. मी सुचवेन की आधी गाव, मग पायवाट, शेवटी तळं, म्हणजे पायवाटेचा चढ सोडला तर उतार तुमच्या बाजूने राहतो.

स्कान्नो मेंढ्यांवर मोठं झालं. शतकानुशतकं इथले मेंढपाळ शरद ऋतूत कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या सपाट मैदानात उतरत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत चढत. माणदेशातून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांसारखंच. या स्थलांतराला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पुरुष अर्धं वर्ष गावाबाहेर, त्यामुळे गाव बायकांनी चालवलेलं. लोकरीच्या पैशातून दगडी वाडे उभे राहिले. दारांवरची कोरीव कामं बघत चला.

या बायकांचा गडद रंगाचा, जाड लोकरीचा, चुण्यांच्या घेराचा पोशाख छायाचित्रकारांनी जगभर नेला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आला. मारिओ जाकोमेल्लीने १९५७ मध्ये काळ्या कपड्यांतल्या बायकांच्या मधून चालत येणारा एक मुलगा टिपला. तो फोटो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आता रोज तो पोशाख घालणाऱ्या फारच थोड्या आज्या उरल्या आहेत. एखादी दिसली तर कॅमेरा नाकासमोर धरू नका. 'बुओनजोर्नो' म्हणा, विचारा. माझ्या आईने विचारलंच नाही. कारंज्यापाशी बसलेल्या एका आजींच्या स्कर्टच्या चुण्या सरळ बोटांनी मोजल्या. मी जमिनीत जायच्या बेतात होते. आजींनी उलट आईच्या साडीच्या निऱ्या धरल्या आणि दोघी दहा मिनिटं आपापल्या भाषेत बोलत बसल्या.

सोनाराच्या खिडकीत 'प्रेझेन्तोझा' बघा, तारकाम केलेलं चांदणीसारखं पदक, मधोमध बहुधा दोन बदाम. किंमत विचारायला हरकत नाही.

८. जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. तीन वाजता गेलात तर चूल बंद. रविवारी आधी फोन करून टेबल सांगून ठेवा. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लागतील. ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे.

मांस खाणाऱ्यांनी 'आरोस्तिचीनी' खावीत: मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले. माणशी दहा काड्या म्हणजे काहीच नाही.

शाकाहाऱ्यांनो, नुसतं 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं म्हणून भागत नाही. इथे मांस म्हणजे मांसाचा तुकडा. डुकराच्या चरबीची फोडणी कित्येकांच्या हिशोबात मांसात धरत नाहीत. घेवड्याच्या दाण्यांची पास्ता म्हणजे 'साञ्ये ए फाजोली' शाकाहारी दिसते, पण तिच्यात खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. म्हणून नावं घेऊन विचारा: "प्रोश्शुत्तो? पान्चेत्ता? ग्वान्चाले?" प्रत्येकाला "नो" आलं की मागवा. पेकोरिनो चीज मेंढीच्या दुधाचं, पण विरजण बहुधा प्राणिज असतं. कडक पाळणाऱ्यांनी तेही लक्षात घ्यावं.

येताना 'पान देल्लोर्सो' घ्या. नावाचा अर्थ अस्वलाचा पाव. बदाम-मधाचा केक, वर चॉकलेट. अंडं असतं. आब्रुत्सोच्या राष्ट्रीय उद्यानात तपकिरी अस्वलाची एक खास जात उरली आहे, पन्नास-साठच्या आसपास. स्कान्नोहून पास्सो गोदीची खिंड ओलांडली की तुम्ही त्या बाजूला जाता. एका दिवसात तिकडे वळू नका.

९. परत येताना

गाडीवाल्यांनी अंधाराआधी घळ पार करावी. रस्त्यावर दिवे नाहीत आणि हरणं असतात.

बसवाल्यांनी सुल्मोनात तासभर मोकळा मिळेल असं बघावं. स्टेशन गावाच्या मध्यापासून सुमारे दोन किलोमीटर आहे, हे त्यात धरा. गावात १२५६ चा कमानींचा जलवाहक आहे, रोमन कवी ऑव्हिडचा पुतळा आहे (कवी इथलाच, जन्म इसवी सनपूर्व ४३ चा), आणि मुख्य म्हणजे 'कोन्फेत्ती'ची दुकानं. बदामावर साखरेचे थर चढवलेले गोळे, आपल्या संक्रांतीच्या हलव्याचे गुळगुळीत चुलतभाऊ. आपण हलव्याचे दागिने करतो, हे लोक कोन्फेत्तीची फुलं करून तारेवर बांधतात. लग्नात पाहुण्यांना पाच देतात. पांढरे लग्नाचे, लाल पदवी मिळाल्याचे. आईने दोन किलो घेतले आणि पुढच्या संक्रांतीला सांगलीत तिळगुळाबरोबर वाटले.

शेवटचं थांब्याबद्दल. तळ्यावरून परतीची बस पकडणार असाल तर दहा मिनिटं आधी या आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते बारमध्ये विचारून घ्या. व्हिल्लालागोकडे तोंड केलेली बाजू हवी. बस दिसली की हात आडवा करा. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर तळं बघायला उभे आहात असं समजून ड्रायव्हर पुढे निघून जातो.